फाइल आधी कोण उघडतं

'ऑपरेटरची चूक' असं मी आजवर एकाही कागदावर लिहून दिलेलं नाही. मागणारे पुष्कळ भेटले. गोड बोलून मागणारे, डोळे वटारून मागणारे, 'ताई, एवढं एक लिहून द्या, पुढचं आम्ही बघतो' म्हणणारे. मी दिलं नाही, आणि त्यापायी माझी तीन-चार कामं गेली ती गेली. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, काहीतरी हलकंफुलकं लिहा, बाईमाणसानं खेड्यापाड्यांतून कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचं म्हणजे गमतीच झाल्या असतील. झाल्या. त्यातल्या ज्या गमतीत मी स्वतः तोंडावर आपटले तीच सांगते.

१९९९ साली नवऱ्याच्या नोकरीमागे लातूरहून पिरंगुटला आले. जवळ इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि घरी बसायची अजिबात इच्छा नव्हती. घोटावडे फाट्याजवळ एक गाळा भाड्यानं घेतला. पाटीवर नवऱ्याचं नाव टाका म्हणजे गिऱ्हाईक बिचकणार नाही, असा सल्ला मला घरच्यांपासून पेंटरपर्यंत सगळ्यांनी दिला. मी पाटीवर 'सौ.'सुद्धा न लावता माझंच नाव टाकलं. सुरुवातीला लोक आत डोकावून 'साहेब कुठायत?' विचारायचे. 'मीच' म्हटलं की काही जण परत जायचे आणि आठवडाभरानं, दुसऱ्याकडून आणखी बिघडवून घेऊन, पुन्हा यायचे.

त्या वर्षांत मुळशीत जिकडे-तिकडे ऑफिसं उघडत होती. छोटे कारखाने, शाळा, बंगल्यांचे प्लॉट विकणारे, रोपवाटिका. आधी एक कॉम्प्युटर यायचा, त्याला हार घालायचे, नारळ फोडायचे. वर्षभरात त्याचे चार व्हायचे. एकट्या कॉम्प्युटरचं दुखणं सरळ असतं. पण चौघांनी मिळून एकच फाइल वापरायची म्हटलं की दुखणं माणसांचं होतं, आणि त्यावर माझं पोट चालायचं.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. ऑफिसात एकच मोठं रजिस्टर आहे असं धरा. त्यात चौघं एकाच वेळी लिहू शकतात, पण एका ओळीवर दोघांनी पेन टेकवायचं नाही. हे सांभाळायला रजिस्टरशेजारी एक चिठ्ठी असते. आत येणाऱ्यानं तिच्यावर आपलं नाव लिहायचं. कॉम्प्युटरमध्ये पहिल्या माणसानं फाइल उघडली की ही चिठ्ठी आपोआप तयार होते, शेवटचा बाहेर पडला की आपोआप पुसली जाते. फाइल अडली की मी आधी चिठ्ठी बघायची. चिठ्ठीवर नाव दिसलं की त्या माणसाच्या टेबलाशी जायचं. तो बहुधा फाइल उघडी टाकून जेवायला गेलेला असायचा.

जवळच्याच चांदे गावात एका ऑफिसात तर खिडकीजवळच्या खुर्चीला वास्तुदोष आहे असं ठरलं होतं. तिथे बसणाऱ्याला फाइल कधीच मिळायची नाही. दोन मुलांनी ती खुर्ची सोडली, तिसऱ्यानं तिच्या पाठीला लिंबू-मिरची बांधली. कारण इतकंच होतं की फाइल ज्या कॉम्प्युटरवर ठेवली होती तो एका वेळी दहाच जणांना आत घ्यायचा, आणि खिडकीजवळचा मुलगा महाळुंग्याहून दोन बस बदलून सगळ्यांत शेवटी पोचायचा. हे मी सांगितलं तेव्हा तिथले साहेब माझ्याकडे संशयानं बघत राहिले. लिंबू त्यांनी मी गेल्यावरही काढलं नाही.

आता मुख्य गोष्ट. कासार आंबोलीला एक मोठी रोपवाटिका होती. ती आप्पांनी उभी केलेली, स्वतः कलमं बांधून; त्यांच्या अंगठ्याला सुरीनं पडलेला जाड घट्टा होता. कारभार मात्र त्यांचा मुलगा महेशदादा बघायचा. तो राहायला कोथरूडला, यायचा अकराला. हिंजवडीच्या कंपन्यांच्या बागा, नव्या सोसायट्यांची लॉनं, बंगल्यांची झाडं, सगळं तिथून जायचं. कुठल्या शेडमध्ये कोणती किती रोपं आहेत, कुठली कोणाला द्यायचीत, हे सगळं एका फाइलमध्ये. ती फाइल महेशदादाच्या कुलूपबंद केबिनमधल्या, रात्रंदिवस चालू ठेवलेल्या कॉम्प्युटरवर असायची आणि बाकीचे तिथून उघडायचे. गेटपास त्यातूनच छापायचा. गेटपास नाही तर टेंपो हलणार नाही.

ही फाइल सांभाळायची सलमा. पौडच्या बाजारपेठेत तिच्या वडलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. त्यांच्या घरातून नोकरीला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी, वय चोविसाच्या आसपास. दर शनिवारी संध्याकाळी फाइलची साफसफाई करावी लागते, आणि त्यासाठी ती बाकी सगळ्यांना बंद ठेवून एकट्यानं उघडावी लागते. हे मी फक्त सलमाला शिकवलं होतं. तेच तिच्या अंगाशी आलं.

२००७च्या पावसाळ्यात, ऐन हंगामात, फाइल सकाळी अडायला लागली. साडेआठला ऑफिस उघडायचं, चौघंही उघडायला बघायचे आणि चौघांनाही तेच उत्तर यायचं, 'फाइल वापरात आहे.' दहा-सव्वादहाला ती आपोआप मोकळी व्हायची. तोवर गेटवर टेंपो उभे, ड्रायव्हर शिव्या घालतायत, काळ्या पिशव्यांतली रोपं टेंपोत दाटीनं पडून कोमेजतायत. महेशदादा अकराला यायचा तेव्हा सगळं सुरळीत. मी बोलावल्यावर बाराला पोचायचे तेव्हाही सुरळीत. डॉक्टरच्या दारात गेलं की दात दुखायचा थांबतो, त्यातली गत.

मी सलमाला फोनवर विचारलं, "चिठ्ठीत नाव कोणाचं दिसतंय?"

"चिठ्ठीच न्हाई ताई. फाइल एकलीच हाय."

"मग आत कुणी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे माणूस नाही."

हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की आज आठवलं तरी माझे कान गरम होतात.

मग महेशदादानं आपला निष्कर्ष काढला. फाइल एकट्यानं अडवायची युक्ती कोणाला येते? सलमाला. म्हणजे सलमाच अडवते. आपल्यावाचून ऑफिसचं पान हलत नाही हे दाखवायला. त्यानं तिला लेखी मेमो दिला. 'आपण जाणूनबुजून फाइल अडवून ठेवता. आठ दिवसांत समाधानकारक खुलासा न केल्यास कामावरून कमी करण्यात येईल.' आणि एक प्रत नोटिसबोर्डावर लावली. कासार आंबोलीच्या नोटिसबोर्डावरून पौडच्या बाजारात बातमी जायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. सलमाचा भाऊ म्हणाला, झाली हौस? आता घरी बस.

मला महेशदादानं केबिनमध्ये बोलावलं. माझं वार्षिक देखभालीचं काम पुढच्या महिन्यात नवीन व्हायचं होतं, याची त्यानं आधी आठवण करून दिली. मग म्हणाला, "ढगेताई, तुम्ही फक्त लिहून द्या, मशीनमध्ये दोष नाही, ऑपरेटरची चूक आहे. तुम्ही स्वतःच सांगितलंत ना, आत कुणी नसतं?"

"आत कुणी नसताना फाइल अडते, याचा अर्थ मला अजून दोष सापडला नाही. तिची चूक आहे असा अर्थ कसा होतो?"

"आठ दिवसांत सापडला तर ठीक."

मी तरातरा बाहेर आले. राग आला होता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता. त्या आठवड्यात मी वायरी बदलल्या, जोडणीचा डबा बदलला, व्हायरस शोधले. फाइल रोज सकाळी अडत राहिली. सहाव्या दिवशी सलमा माझ्या गाळ्यावर आली, शंभर पानी वही घेऊन. तिनं पहिल्या दिवसापासून रोजची नोंद ठेवली होती: किती वाजता अडली, किती वाजता सुटली. असली नोंद खरं म्हणजे मी ठेवायला हवी होती.

"ताई, मी जवा अडली न्हाई ते दिवस बगितले. तीनच हायेत. आन् तिन्ही बगा, आमच्यात चाँद बगत्यात ना, त्याच्या आदल्या नायतर दोन दिस आदीचे हायेत."

मी उठले. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. तिन्ही तारखांवर अमावास्येचा काळा ठिपका होता.

मला हसू आलं. दुनियेची मशिनं अमावास्येला बिघडतात आणि आमची तेवढ्याच दिवशी नीट चालते! पण सलमा हसत नव्हती. तिचे दोन दिवस उरले होते. मी हसू आवरून विचारलं, "अमावास्येला तुमच्याकडे काय बंद असतं?"

"बंद कायच न्हाई. गडी असत्यात, टेंपो असत्यात..." ती थांबली. "आप्पा. आप्पा आमुशाला फाइल उघडत न्हाईत."

ऑफिसमागच्या आप्पांच्या खोलीतही एक कॉम्प्युटर आहे हेच मी विसरले होते. खरं म्हणजे तो मीच बसवला होता. पूर्वी आप्पा रोज सकाळी सात वाजता रोपांची वही उघडून तिला हळद-कुंकू वाहायचे, पानावर 'श्री' लिहायचे आणि मगच दिवसाचं काम सुरू व्हायचं. दिवसाची सुरुवात त्यांच्या हातानं व्हायची हा तिथला रिवाज होता. फक्त अमावास्येला ते वहीला हात लावायचे नाहीत. वही गेली आणि फाइल आली, तेव्हा ते फाइल उघडायला लागले. सलमानंच त्यांना शेऱ्याच्या रकान्यात 'श्री' उमटवायची बटणं शिकवली होती. उन्हाळ्याच्या अगदी शेवटी एकदा त्यांचा रकाना चुकला आणि गुलाबाच्या रोपांची सगळी संख्या पुसली गेली. तेव्हा महेशदादानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'आप्पांना नुसतं बघता येईल असं करा. त्यांना सांगू नका, मनाला लागेल.' मी पाच मिनिटांत केलं आणि पुढच्या कामाला निघून गेले.

ज्याला नुसतं बघायची परवानगी आहे त्याला चिठ्ठीही ठेवता येत नाही. इतर कुणी आधी आत असेल तर काही बिघडत नाही, चिठ्ठी आधीच असते. पण तोच पहिला आला तर चिठ्ठी तयार होत नाही. आणि चिठ्ठीशिवाय दुसऱ्याला आत घेणं धोक्याचं म्हणून फाइल बाकीच्यांना दार बंद करते. सात वाजता आप्पा पहिले. दहाला ते शेडकडे फेरी मारायला निघत आणि जाताना वही मिटावी तशी फाइल नीट बंद करून जात. माणूस आत होता. चिठ्ठी ठेवायचा त्याचा हक्क मी काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत स्कूटी काढली आणि कासार आंबोली गाठली. आप्पा त्यांच्या खोलीतच होते.

"या बाई. येवढ्या सकाळचं? काय बिगाडलं का काय?"

"बिघडलंय की नाही तेच बघायला आले. तुमचं चालू द्या."

त्यांनी उदबत्ती ओवाळली, माउसला हात लावून तो कपाळी लावला आणि फाइल उघडली. मग शेऱ्याच्या रकान्यात जाऊन एका बोटानं तीन बटणं दाबली. प्रत्येक वेळी टुक असा आवाज आला. पडद्यावर काही उमटलं नाही.

"रोजचंच हाय," आप्पा म्हणाले. "हितं श्री लिवाया बगतुया, पर उमटत न्हाई. म्हातारपण. बोटात जोर न्हाई राह्यला."

मला तिथं बसवेना. मी उठून बाहेर गेले आणि सलमा येईपर्यंत जास्वंदीच्या कुंड्या मोजत उभी राहिले. साडेआठला सलमानं फाइल उघडून बघितली, अडली. मी आप्पांना फाइल बंद करायला सांगितली, सुटली. पुन्हा उघडायला लावली, अडली. तीनदा करून बघितलं. आप्पांना वाटलं मी त्यांची परीक्षा घेतेय.

अकराला महेशदादा आला तेव्हा मी त्याच्या टेबलावर कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं: फाइल अडण्याचं कारण सापडलं आहे. उन्हाळ्यात आपल्या सांगण्यावरून मी एका कॉम्प्युटरचा लिहिण्याचा हक्क काढला. त्याचा परिणाम काय होईल हे मला कळायला हवं होतं, कळलं नाही. चूक माझी आहे. सलमा यांचा काही संबंध नाही.

त्यानं दोनदा वाचलं. दार लावून घेतलं. "ढगेताई, हे असलं काही लेखी नको. आप्पांचं नाव यात यायला नको."

"आप्पांचं नाव नाहीच आहे त्यात. माझं आहे आणि तुमचं आहे."

"तुमचं पुढच्या वर्षीचं काम..."

"ते तुम्ही बघा. कागद मी परत घेणार नाही. हवं तर दोष सापडायला उशीर लागला म्हणून या वर्षीचंही काढून घ्या, मला मान्य आहे. पण त्या मुलीला मेमो मिळाला तो माझ्या हातानं झालेल्या कामापायी. माझ्या कामाचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू देणार नाही."

आवाज चढला होता. तो मी उतरवला नाही. दार उघडलं आणि आप्पा आत आले.

"माजं नाव कशात यायला नगं?"

महेशदादानं कागद उलटा ठेवला. मग मीच सांगितलं. काही न लपवता, सोप्या शब्दांत. हक्क कोणी काढायला सांगितला, कोणी काढला, का काढला, आणि त्यामुळे रोज सकाळी काय होत होतं. आप्पा उभ्यानं ऐकत होते. सांगून झाल्यावर ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागले. अंगठा बोटांवर दोन-तीनदा घासला.

"म्हंजे बोटात जोर हाय व्हय माज्या?"

"आहे आप्पा."

"मग मला सांगाया काय झालं व्हतं?" हे ते मला विचारत नव्हते. "सौंख्या पुसली म्हनून तू माजा हात काढलास? मला म्हनायचं, आप्पा, ह्या रकान्यात जाऊ नगा. गेलो नसतो. आन् ती पोरगी दोन महिनं बोलनी खातीया!"

महेशदादाचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आज लिहिता येतं. त्या दिवशी तसं वाटलं नव्हतं. बापाचं मन दुखू नये म्हणून त्यानं लपवाछपवी केली आणि मी ती करून दिली. मी तिथेच बसून आप्पांना लिहिण्याचा हक्क परत दिला आणि संख्येचा रकाना तेवढा सगळ्यांसाठीच जपून ठेवला, विचारल्याशिवाय बदलू नये असा. अर्ध्या तासाचं काम होतं. तेव्हाच नीट केलं असतं तर मेमोची वेळ आली नसती. त्या रोपवाटिकेचं काम पुढच्या वर्षी हिंजवडीच्या एका कंपनीकडे गेलं. हे मी आधीच धरून चालले होते, तरी पत्र आलं तेव्हा मला वाईट वाटलं.

पण त्या दिवसाचं अजून राहिलंय. महेशदादानं सलमाला आत बोलावलं. मी मनातून खूश होते. हिला आपण वाचवलं, आता ही हसेल, कदाचित रडेल, 'ताई' म्हणून माझा हात धरेल असं काहीबाही. तो म्हणाला, "सलमा, सापडलं कारण. तुझं काही नव्हतं. जाऊ दे आता, लाग कामाला."

सलमा जागची हलली नाही.

"दादा, मेमो लेखी दिलाय तुमी. मग त्यो मागं घेतल्याचं बी लेखी द्या. तोंडी नको."

"अगं, मी सांगतोय ना."

"तुमी मला सांगताय. बोर्डावरचं समद्यांनी वाचलंय. त्याच बोर्डावर लावा."

तिचा आवाज चढला नव्हता. मी इतका वेळ तावातावानं भांडले होते, पण हे मागायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. महेशदादानं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी टेबलावरचं पेन उचलून त्याच्यापुढे धरलं. त्यानं कागद ओढला आणि लिहिलं, 'सलमा यांना दिलेला मेमो चुकीचा होता, तो मागे घेण्यात येत आहे.' खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

बाहेर गेटवर एक टेंपो हॉर्न देत होता. सलमानं कागद हातात घेतला, उभ्या-उभ्या सावकाश वाचला, आणि पुन्हा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"तारीख राहिली, दादा."